शस्त्रक्रियेनंतरचे स्पिटफायर
ब्रिटिश विमान अभियंता रेजिनाल्ड मिचेल यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. वयाच्या १६व्या वर्षी शाळा सोडून ते स्टोक येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. दिवसा काम, रात्री गणित आणि यंत्रशास्त्राचे वर्ग. १९१७मध्ये ते सुपरमरीन या विमान कंपनीत आले. १९३३मध्ये त्यांना गुदाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया करून शौचाचा मार्ग पोटावर काढावा लागला. यालाच कोलोस्टॉमी म्हणतात. तरीही ते कामावर परतले, १९३४मध्ये विमान चालवायलाही शिकले. ५ मार्च १९३६ रोजी त्यांचे स्पिटफायर प्रथम आकाशात झेपावले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४२. कोलोस्टॉमी म्हणजे कामाचा शेवट, अशी भीती आजही अनेक रुग्णांना वाटते. स्पिटफायर घडले ते या शस्त्रक्रियेनंतरच.