कालवांचा राजा, एका दिवसाचा नागरिक

न्यूयॉर्कमधील वॉल स्ट्रीटचे नाव घेतले की शेअर बाजार आणि बँका डोळ्यांसमोर येतात. एकोणिसाव्या शतकात मात्र या परिसराची आणखी एक ओळख होती. वॉल स्ट्रीटला लागूनच असलेल्या ब्रॉड स्ट्रीटवर, पाच क्रमांकाच्या घराच्या तळमजल्याखाली एक उपाहारगृह होते. दलाल, व्यापारी, राजकारणी आणि परदेशी पाहुणे तेथे कालवं खाण्यासाठी येत. या उपाहारगृहाचे मालक थॉमस डाउनिंग हे एकेकाळी गुलामीत असलेल्या दाम्पत्याचे चिरंजीव होते. शहरातील धनिकांना त्यांनी चार दशके जेवू घातले; परंतु देशाचे निर्विवाद नागरिकत्व त्यांना लाभले ते मृत्यूच्या आदल्या दिवशी.

डाउनिंग यांचा जन्म १७९१ मध्ये व्हर्जिनियातील शिंकोटीग या अटलांटिकच्या किनाऱ्यावरील बेटावर झाला. त्यांच्या आई-वडिलांच्या मालकाने मेथडिस्ट पंथाच्या प्रभावाखाली आपल्या गुलामांना मुक्त केले होते. मालकाचे आडनावच या कुटुंबाने धारण केले. मासेमारी, तिसऱ्या गोळा करणे, खाडीतली कालवं काढणे यातच थॉमस यांचे बालपण गेले. पुढे १८१२ च्या युद्धानंतर ते उत्तरेकडे निघाले. काही वर्षे फिलाडेल्फियात काढली, तेथेच रिबेका वेस्ट यांच्याशी विवाह केला आणि १८१९ मध्ये हे दाम्पत्य न्यूयॉर्कमध्ये दाखल झाले.

त्या काळी न्यूयॉर्कच्या भोवतालचे पाणी कालवांनी समृद्ध होते. श्रीमंतांच्या मेजवानीत आणि रस्त्यावरच्या हातगाडीवर कालवं सारखीच दिसत. डाउनिंग यांनी एक लहान होडी घेतली. हडसन नदी ओलांडून ते न्यू जर्सीच्या बाजूला जात, लांब दांड्यांच्या चिमट्याने कालवं काढत आणि परतून विकत. अशा कष्टांतून जमवलेल्या भांडवलावर १८२५ मध्ये त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर आपले उपाहारगृह उघडले.

कालवांची तळघरे शहरात नवी नव्हती. दारावर लाल दिवा, आत धूर, दारू आणि हाणामारी, असे त्यांपैकी अनेकांचे स्वरूप होते. अब्रूदार घरातील स्त्री तेथे पाऊल टाकणे शक्य नव्हते. डाउनिंग यांनी हे चित्र पालटले. झुंबरे, आरसे, गालिचे आणि उंची पडदे यांनी त्यांनी आपले तळघर सजवले. गृहस्थ आपल्या पत्नीला आणि मुलींना घेऊन निःसंकोचपणे येऊ शकतील, असे शहरातील हे बहुधा एकमेव कालवगृह होते. कच्ची, भाजलेली आणि तळलेली कालवं, कालवांचे पाय, कालवांच्या रश्श्यातील मासा आणि कालवं भरून शिजवलेली टर्की असे पदार्थ तेथे मिळत. लोणच्यासारखी मुरवलेली कालवं वेस्ट इंडिज बेटांपर्यंत आणि युरोपपर्यंत जात.

चवीचे रहस्य मालाच्या निवडीत होते. अंधारातच होडीने पुढे जाऊन येणाऱ्या गलबतांना गाठायचे, उत्तम माल आधीच घ्यायचा आणि नंतर धक्क्यावरील लिलावात बोली चढवून गलबतवाल्यांच्या उरलेल्या मालालाही चांगला भाव मिळवून द्यायचा, अशी त्यांची रीत सांगितली जाते. साहजिकच गलबतवाले त्यांच्यावर खूश असत. दहाएक वर्षांत शेजारच्या दोन जागाही त्यांनी घेतल्या. १४ फेब्रुवारी १८४२ रोजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या स्वागतासाठी न्यूयॉर्ककरांनी भव्य समारंभ केला, तेव्हा खानपानाची जबाबदारी डाउनिंग यांच्याकडेच होती. त्यांनी पाठवलेल्या कालवांवर प्रसन्न होऊन इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने त्यांना सोन्याचे घड्याळ भेट दिले.

या वैभवाला दुसरी बाजू होती. मेजांवर बसणारे गिऱ्हाईक जवळजवळ सारे गोरे होते. मालकाच्या वर्णाच्या माणसांना तेथे जेवायला बसवले असते, तर तो व्यवसाय त्या शहरात टिकला नसता. मात्र त्याच इमारतीच्या तळघरात दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळे आणि तेथून त्यांना कॅनडाच्या वाटेला लावले जाई. ज्या कापसाच्या व्यापारावर वॉल स्ट्रीटची तिजोरी भरत होती, तो कापूस पिकवणारे हात जेवणाऱ्यांच्या पायांखाली लपलेले असत. पकडले जाण्याची किंमत काय, हे डाउनिंग यांना ठाऊक नव्हते असे नाही.

त्यांचे कार्य केवळ गुप्त नव्हते. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीविरोधी संघटनेच्या संस्थापकांत ते होते. राज्याच्या १८२१ च्या घटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलरची मालमत्ता असणे आवश्यक होते. गोऱ्या पुरुषांवर पुढे अशी कोणतीच अट उरली नाही. डाउनिंग यांची स्वतःची मालमत्ता या अटीपेक्षा कितीतरी अधिक होती, तरीही ही अट रद्द व्हावी म्हणून ते इतरांसाठी अर्ज-विनंत्या करीत राहिले.

संपत्तीने अपमान टळला नाही. एकदा घोड्यांच्या रेल्वेगाडीतून उतरण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. ते न्यायालयात गेले; ज्यूरीने निकाल त्यांच्या विरोधात दिला. १८५५ मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. ते जागेवरून हलले नाहीत. यावेळी सहप्रवाशांनी त्यांची बाजू घेतली आणि गाडी त्यांना घेऊनच पुढे गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिकत्वच नाकारले.

यादवी युद्ध संपले आणि डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून ९ एप्रिल १८६६ रोजी नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिक म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्याच दिवशी, १० एप्रिलला, डाउनिंग यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळाने आपले कामकाज बंद ठेवले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्या लढ्यात नामवंत पुढाऱ्यांबरोबर एक कालवं विकणारा गृहस्थही होता, याची आठवण ठेवायला हवी. वडिलांचा वसा घेऊन मुलगा जॉर्ज डाउनिंग हेही पुढे समान हक्कांच्या चळवळीत अग्रभागी राहिले. न्यूयॉर्कच्या बंदरातील कालवं मात्र टिकली नाहीत. पाणी इतके दूषित झाले की १९२७ पर्यंत तेथील अखेरचे कालवांचे वाफे बंद करावे लागले.