आधी इंजिन तयार, मग टर्बो : आल्फ्रेड ब्युखी यांच्या वीस वर्षांच्या चिकाटीची गोष्ट

चोर्ला घाटात भरलेला ट्रक चढताना इंजिनाच्या घरघरीत एक बारीक शिट्टी मिसळलेली असते. ती टर्बोची. ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या स्विस इंजिनिअरचं नाव आल्फ्रेड ब्युखी.

ब्युखी यांचा जन्म 11 जुलै 1879 चा, स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावातला. कारखान्यांचं गाव. वडील तिथल्याच सुल्झर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. झ्युरिकला इंजिनिअरिंग करून 1903 मध्ये ते बाहेर पडले, बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये काम केलं. एक गोष्ट त्यांना सतत खटकायची. इंजिनात जाळलेल्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर फुकट जाते. या धुरानेच एक चक्र फिरवलं आणि त्या चक्राने सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबली तर? हवा जास्त, म्हणजे इंधनही जास्त जाळता येणार. इंजिन तेवढंच, ताकद मात्र वाढणार. 1905 मध्ये त्यांनी याचं जर्मन पेटंट घेतलं.

पेटंट मिळालं, यश नाही. ब्युखी सुल्झरमध्ये आले, तिथे 1911 पासून प्रयोग सुरू झाले. पण बाजारात नेण्याइतकं भरवशाचं यंत्र काही हाती लागेना. हवा कोंबली की दाब वाढतो, उष्णता वाढते. पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बाइनच्या पात्यांनी ते सोसायला हवं. त्या काळचा धातू तेवढा तयार नव्हता.

ब्युखी यांनी हट्ट सोडला नाही, पण विचार बदलला. टर्बो इंजिनाला नुसता अडकवून भागत नाही, इंजिनच टर्बोसाठी जुळवावं लागतं. मग त्यांनी आत येणारा आणि बाहेर नेणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवले. ताज्या हवेने जळका वायू झाडून निघाला आणि तापलेले भागही थंड झाले. एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून धुराचे पाइप वेगवेगळे केले.

1920 च्या दशकात जर्मनीच्या ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या प्रवासी जहाजांवर हे जमलं. दहा सिलिंडरचं डिझेल इंजिन 1,750 अश्वशक्तीवरून 2,500 वर गेलं. पेटंटला तोवर वीस वर्षं झाली होती. पुढे जहाजं, रेल्वे आणि ट्रकमध्ये टर्बो रुळला. 1959 मध्ये विंटरथूरलाच ब्युखी यांचं निधन झालं.

टर्बोवाल्या मोटारगाड्या विक्रीला आल्या त्या 1962 मध्ये, अमेरिकेत. त्यांनी ब्युखी यांचंच म्हणणं खरं ठरवलं. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन 10.25 इतकं चढं ठेवलं होतं. इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावं लागे. टाकी भरायला लोक विसरत. बऱ्याच गाड्यांचे टर्बो शेवटी काढून टाकले गेले. शेव्हरलेट कॉर्वेअरने मात्र कॉम्प्रेशन 8 वर आणलं, क्रँक मजबूत घातला. तिला असल्या टाकीची गरजच पडली नाही.

आज जुनी पेट्रोल गाडी बांधायला काढणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवावं. टर्बो दोन वर्षांनी बसवायचा असला तरी निर्णय आत्ताच, इंजिन खोललेलं असताना घ्यायचा. पिस्टन कमी कॉम्प्रेशनचे आणि फोर्ज्ड घ्यावेत, कनेक्टिंग रॉडही फोर्ज्डच. रिंगची फट नेहमीपेक्षा थोडी जास्त लागते, कारण तापून रिंगची टोकं भिडली तर पिस्टन फुटतो. हेड गॅस्केट पोलादी थरांचं असावं. टर्बोला ऑइल नेणारी आणि परत आणणारी वाटही आत्ताच काढून ठेवावी. नंतर तेवढ्यासाठी पुन्हा ऑइल चेंबर उतरवणं म्हणजे दुप्पट मजुरी.

आणि टर्बो कधी बसवायचाच नसेल, तर हा खर्च करू नये. कमी कॉम्प्रेशनचं इंजिन टर्बोशिवाय मंदच चालतं.