सुरुंगांची वाट मोकळी करणारे वीर : प्रेमिंद्रसिंह भगत

आमच्या हिंगोली शहरांत रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा अशीं मोहल्ल्यांचीं नांवें आजही रोजच्या बोलण्यांत आहेत. निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथें १९०३ सालापर्यंत होती, तिची ही खूण. छावणी गेली, तोफा गेल्या, नांवें मात्र राहिलीं. या नांवांवरून वर्गांत शस्त्रांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे तोफ कोणाची मोठी होती, हेंच मुलें प्रथम विचारतात. म्हणून आज आम्ही अशा एका सेनानीचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे कीं, ज्यांनीं आपली कीर्ति तोफ डागून नव्हे, तर शत्रूनें जमिनींत पुरलेलीं शस्त्रें काढून मिळविली.

प्रेमिंद्रसिंह भगत यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजीं गोरखपूर येथें झाला. वडील सरकारी नोकरींत इंजिनियर होते. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयांत व पुढें तेथील लष्करी प्रबोधिनींत शिकून १९३९ सालीं ते अधिकारी झाले, आणि त्यांची नेमणूक बाँबे सॅपर्स अँड मायनर्स या दळांत झाली. पुण्याजवळील खडकी हें या दळाचें माहेरघर. मराठे, शीख, मुसलमान अशा सर्वांचा त्यांत भरणा असे. रस्ते करणें, पूल बांधणें, पाणी शोधणें, सुरुंग पेरणें व काढणें हें या दळाचें काम. सैन्यापुढें जाऊन त्याची वाट करून द्यावी, हा त्याचा धर्म.

१९४० सालीं इटलीनें युद्धांत उडी घेतली व सुदानच्या सरहद्दीवरील गल्लाबात हें ठाणें काबीज केलें. तेव्हां हिंदी सैन्य समुद्रमार्गें सुदानांत उतरलें. त्यांत २१ वी फील्ड कंपनी होती, आणि तींत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट भगत होते. बंदरापासून सरहद्दीकडे जातांना कोठें निव्वळ वाळवंट, तर कोठें खुरटीं झुडपें व वाळलेलें उंच गवत लागे. दिवसा अंग भाजून निघे.

अशा मुलुखांत शिपायाचीं साधनें कोणतीं होतीं, तें सांगितलें पाहिजे. हातीं .३०३ ची रायफल असे. पण तिला नेहमीसारखें भरपूर तेल दिलें तर त्यावर धूळ बसून त्याचा लगदा होई व खटका अडे. म्हणून तेल बेतानें द्यावें लागे आणि यंत्राच्या भागावर फडकें गुंडाळावें लागे. पाण्याच्या बाटलीवर लोकरी आवरण असे. तें भिजवून ठेवलें म्हणजे पाणी थंड राही. जाड कापडाची छागल तर आपल्याकडील जुन्या माणसांच्या ओळखीची आहे. माठाप्रमाणेंच तिच्या अंगांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें सुकतें आणि आंतलें पाणी निवतें. उन्हाळ्यांत ज्यांच्या विहिरी आटतात, त्या आमच्या मुलांस पाण्याचें मोल निराळें सांगावयास नकोच.

परंतु त्या युद्धांतील सर्वांत कपटी शस्त्र म्हणजे जमिनींतील सुरुंग. दारूनें भरलेली पेटी मातीखालीं थोडी पुरावयाची; वर माणूस किंवा गाडी आली कीं दाबानें ती फुटावयाची. धातू हुडकणारें विजेचें यंत्र मोठ्या संख्येनें सैन्याच्या हातीं आलें तें १९४२ सालच्या एल अलामेनच्या लढाईंत. भगत यांच्यापाशीं होते स्वतःचे डोळे, आणि जमिनींत तिरपी खुपसून चांचपावयाची संगीन. नुकतीच उकरलेली माती, उगाच पडलेला दगड, वाकलेलें गवत, यांवरून सुरुंग ओळखावा लागे.

१९४१ सालीं ३१ जानेवारीच्या रात्रीं मेतेम्मा हातीं आलें व शत्रु माघार घेऊं लागला. त्याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचा मार्ग निर्वेध करण्याचें काम भगत यांच्याकडे आलें. ते ब्रेन कॅरिअर नांवाच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या, वरून उघड्या, हलक्या चिलखती गाडींत बसून सर्वांच्या पुढें निघाले. चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत, त्यांनीं ५५ मैलांची वाट तपासली. हिंगोलीहून नांदेडास जावें, जवळजवळ तेवढी. या वाटेवर सुरुंग पेरलेलीं १५ क्षेत्रें त्यांनीं हुडकलीं व आपल्या देखरेखीखालीं साफ करविलीं. पहांटेपासून दिवस मावळेपर्यंत हें काम चाले. दोन वेळां त्यांचीच गाडी स्फोटानें उडाली व सोबती हताहत झाले. तिसऱ्या वेळीं दबा धरलेल्या शत्रूनें जवळून गोळीबार केला. एका स्फोटांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला.

वरिष्ठांनीं विश्रांति घेण्यास सांगितलें, तेव्हां त्यांनीं नकार दिला. आतां हें काम आपणांस अधिक चांगलें उमगलें आहे, म्हणून शेवटपर्यंत आपणच तें करावें, असें त्यांचें म्हणणें. आमच्या मतें साऱ्या चरित्राचें सार येथें आहे. पहिल्या दिवशीं तेही नवखेच होते. जें ज्ञान मिळालें तें फुटलेल्या गाड्यांतून व सोबत्यांच्या रक्तांतून मिळालें. तें आपल्याबरोबर मागें नेऊन दुसऱ्या नवख्यास पुढें धाडणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धांत हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें.

पुढील आयुष्यांतही अवघड वाट तपासण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. १९६२ सालीं चीनशीं झालेल्या युद्धांत आपला पराभव कां झाला, याची चौकशी करण्यासाठीं लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्याबरोबर त्यांची नेमणूक झाली. स्वतःच्याच सेनेचे दोष शोधणें हें सुरुंग शोधण्याहून सोपें नव्हे. पुढें लेफ्टनंट जनरल होऊन १९७२ सालीं ते उत्तर विभागाचे पहिले सेनापति झाले. निवृत्तीनंतर दामोदर खोरें महामंडळाचे अध्यक्ष असतांनाच २३ मे १९७५ रोजीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थीमित्रहो, युद्ध संपतें, पण पुरलेला सुरुंग तह जाणत नाहीं. ईजिप्तच्या वाळूंत त्या युद्धांतील सुरुंग अजून शिल्लक आहेत, आणि ज्यांचा त्या वैराशीं कांहीं संबंध नव्हता अशा धनगरांच्या पायांखालीं ते फुटलेले आहेत. सुरुंग पेरणाऱ्यास एक क्षण पुरतो. काढणाऱ्यास चिकाटी लागते, आणि कधीं प्राणही वेंचावे लागतात. भगत यांचें नांव आपण घेतों, तेव्हां त्यांच्या गाडींतील त्या सोबत्यांचेंही स्मरण ठेवावें. त्यांची नांवें आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहींत. आणि तोफखान्यांतून शाळेस येतांना कधीं शस्त्रांची गोष्ट निघालीच, तर तोफ किती मोठी होती एवढेंच न विचारतां, मागून येणाऱ्यांसाठीं वाट कोणीं मोकळी केली, हेंही विचारावें.