कापणाऱ्या आवाजाला अभ्यासाचे बळ

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे असो की अन्य कुठलेही गाव, भीमजयंतीच्या मंचावर प्रथमच माईक धरणाऱ्या मुलाचा आवाज कापला की लोक हसतात. आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या चरित्राची आठवण करून देऊ इच्छितो.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली. अशा नजरांसमोर कोणाचा घसा कोरडा पडणार नाही? परंतु बाबासाहेब फळ्यापाशी गेलेच! १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, अशी विद्यार्थ्यांची सुरुवातीची वृत्ती होती. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते अभ्यासाने. पुढे इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले.

१९२७ चे महाड आणि १९३० ची गोलमेज परिषदही या आवाजाने गाजवली. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले गेले. भाषणाची खास तयारी नव्हती. पण पाठीशी तीस वर्षांचा अभ्यास होता. सभागृहाने ते भाषण लक्षपूर्वक ऐकले.

ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना बोलूच दिले नाही, त्यांचा आवाज कापणे हा दोष नव्हे. गप्प बसणे हा दोष आहे. तरुणांनो, मुद्दे लिहून काढा, मोठ्याने वाचा, विहारात चार जणांसमोर बोला आणि येत्या १४ एप्रिलला पुन्हा माईक हाती घ्या.

जयभीम!