आचार्य नरेंद्र देव : अहमदनगरच्या किल्ल्यातला दमेकरी कैदी

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीतल्या मंडळींना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव... ही नावं आपल्याला पाठ असतात. त्याच किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव होते. समाजवाद्यांचे गुरू, बौद्ध तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक, आणि दम्याने बेजार झालेला माणूस.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८९ चा, उत्तर प्रदेशातल्या सीतापूरचा. वडील वकील. बालपण फैजाबादला गेलं. पुढे बनारसला संस्कृत, पाली शिकले, मग वकिली केली. तरुणपणी ओढा टिळकांच्या जहाल राजकारणाकडे होता. असहकाराच्या काळात वकिली सोडली आणि १९२१ मध्ये काशी विद्यापीठात शिकवायला गेले. लालबहादूर शास्त्री याच विद्यापीठात शिकले. १९३४ साली पाटण्यात समाजवाद्यांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष नरेंद्र देव होते.

या सगळ्या धावपळीत दमा सोबतीला होताच. सभा, प्रवास, तुरुंग आणि मधेच अंथरूण, असं चक्र वर्षानुवर्षं चाललं. १९४२ च्या सुरुवातीला गांधीजींनी त्यांना वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या देखरेखीखाली काही महिने उपचार केले. गांधीजींचा भर निसर्गोपचारावर. मोजका आहार, मातीच्या पट्ट्या, पाण्याचे उपचार, मोकळी हवा. हसू येण्यासारखं त्यात काही नाही. त्या काळच्या डॉक्टरांकडे तरी काय होतं? अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, एफेड्रिनच्या गोळ्या, नाहीतर धोतऱ्याच्या पानांच्या औषधी सिगारेटी. उकिरड्यावर उगवतो तोच हा धोतरा.

या तिन्ही औषधांनी श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल पडायचा. तेवढ्यापुरता श्वास मोकळा व्हायचा. पण दमा म्हणजे नुसता स्नायू आवळणं नव्हे. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. तिथे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, चिकट कफ साचतो आणि धूळ, थंड हवा किंवा सर्दीचं निमित्त मिळालं की नळी आवळते. अटॅक ओसरला तरी सूज राहतेच.

ही सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर पुढे काय होतं? ओल आलेल्या भिंतीचं उदाहरण घ्या. ओल का येते ते न बघता दरवर्षी पोपडे काढून नवा गिलावा थापला, तर भिंत जाड होत जाते आणि दार अरुंद. श्वासनळीतही अस्तराखाली जाड थर बसतो, स्नायू वाढतो, कफाच्या ग्रंथी वाढतात. डॉक्टर याला श्वासनळीची पुनर्रचना म्हणतात. मग नळी पूर्ववत मोकळी होणं अवघड होतं. ह्यूबर आणि कोसलर या डॉक्टरांनी दम्याने मेलेल्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करून हे बदल १९२२ मध्येच लिहून ठेवले होते. सूज दिसत होती, पण ती उतरवणारं औषध हाताशी नव्हतं.

किल्ल्यात मात्र नरेंद्र देव बसून राहिले नाहीत. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या अवघड बौद्ध ग्रंथाचा फ्रेंचमधून हिंदी अनुवाद त्यांनी तिथे हाती घेतला. नेहरू तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. ज्या सोबत्यांशी झालेल्या चर्चांचा उपयोग झाला म्हणून नेहरूंनी आभार मानले, त्यांत नरेंद्र देवांचं नाव आहे.

सुटका १९४५ ला झाली. १९४८ च्या मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडायचं ठरवलं. नरेंद्र देवांनी आमदारकीचाही राजीनामा दिला, कारण ती काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली होती. हे आज वाचताना खोटं वाटेल! फैजाबादच्या पोटनिवडणुकीत ते पडले. त्यांना हरवणारे काँग्रेसचे उमेदवार होते बाबा राघवदास, जन्माने पुणेकर. पुढे लखनौ आणि बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगुरूपद, प्रजा समाजवादी पक्षाचं अध्यक्षपद आणि सोबत वाढत चाललेला दमा.

१९४९ मध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा संधिवातावरचा परिणाम जगासमोर आला आणि लवकरच ते दम्यावरही वापरलं जाऊ लागलं. ते सूज उतरवायचं, पण सतत पोटात गेलं की चेहरा सुजायचा, हाडं ठिसूळ व्हायची, साखर वाढायची. नरेंद्र देव प्रकृतीसाठी दक्षिणेत गेले. १९ फेब्रुवारी १९५६ ला तमिळनाडूतल्या इरोडला त्यांचं निधन झालं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मोजका फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. त्यातही औषध नळी सैल करणारंच होतं. ओढून घ्यायचं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, यायला १९७२ उजाडलं.

हे औषध थेट सुजलेल्या जागी पडतं, म्हणून फार थोडं पुरतं. मोठ्या अटॅकमध्ये गोळीतून दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत स्टेरॉइड देतात, पंपातून अनेकांना २०० ते ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे वजनाने साधारण शंभरावा हिस्सा. घशात बुरशी होऊ नये म्हणून नंतर चूळ भरायची, एवढं पथ्य. मात्र ते रोज घ्यावं लागतं, बरं वाटत असतानाही.

गाडी अडते ती इथेच. नांदेड-लातूरकडे सोयाबीनची मळणी सुरू झाली, तुरीचा भुसा उडू लागला की छाती वाजायला लागते. मग तेवढ्यापुरता पंप ओढायचा आणि श्वास मोकळा झाला की कपाटात ठेवायचा. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, असंही कुणीतरी सांगतं. मृग लागला की हैदराबादला मासोळीतलं औषध घ्यायला जाणारेही आहेत. आराम देणारा पंप एकटा वापरू नये, सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड हवंच, असं दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेनेही २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं.

नरेंद्र देवांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा मोठा ग्रंथ ते गेले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, तो मरणोत्तर.