पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, पण त्यातली गर्दी गेली कुठे?

नदीकाठचं शहर, पूल आणि संध्याकाळची वेळ. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि शटर ३० सेकंद उघडं ठेवायचं. फोटोत नदीचं पाणी दुधासारखं दिसतं, गाड्यांच्या जागी लाल-पांढऱ्या रेषा उमटतात आणि पुलावरून चालत गेलेली माणसं दिसतच नाहीत. असे लाँग एक्स्पोजर फोटो तुम्ही इन्स्टावर शेकड्यांनी पाहिले असतील.

आज हा इफेक्ट मुद्दाम आणावा लागतो. फोटोग्राफीच्या सुरुवातीला मात्र दुसरा पर्यायच नव्हता. सीन नदीकाठच्या पॅरिसमध्ये १८३८ साली एका माणसाने आपल्या खिडकीतून रस्त्याचा फोटो घेतला आणि रस्त्यावरची गर्दी गायब झाली.

त्यांचं नाव लुई दागेर.

नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस

दागेर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १७८७ चा, पॅरिसजवळच्या कोर्मेय गावातला. ते शास्त्रज्ञ नव्हते. नाटकाचे पडदे आणि देखावे रंगवणं हे त्यांचं काम. १८२२ मध्ये चित्रकार शार्ल बूताँ यांच्यासोबत त्यांनी पॅरिसमध्ये डायोरामा सुरू केला. अंधाऱ्या सभागृहात भलामोठा, अर्धपारदर्शक पडदा असायचा. त्याच्या पुढून-मागून प्रकाश बदलला की तेच चित्र दिवसाचं रात्र व्हायचं. सिनेमा यायला अजून ७० वर्षं होती, पण लोक तिकीट काढून अंधारात बसायला लागले होते.

चित्र हुबेहूब यावं म्हणून दागेर कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरायचे. या पेटीत समोरचं दृश्य काचेवर उमटायचं, पण ते टिकायचं नाही. ते कायमचं पकडता येईल का, या प्रश्नाने त्यांना झपाटलं.

नीएप्स यांची भागीदारी

याच प्रश्नावर आणखी एक माणूस त्यांच्या आधीपासून काम करत होता. निसेफोर नीएप्स. सोन नदीकाठच्या शालोन शहराजवळ त्यांचं घर होतं. १८२६-२७ च्या सुमारास त्यांनी घराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवलं. कॅमेऱ्यातून टिपलेला आणि आजही टिकून असलेला हा सर्वात जुना फोटो. त्यासाठी पत्र्यावर कित्येक तास प्रकाश पडू द्यावा लागला होता.

१८२९ मध्ये दोघांनी भागीदारीचा करार केला. पण १८३३ मध्ये नीएप्स वारले. त्यांना ना पैसा मिळाला, ना प्रसिद्धी.

दागेर यांनी काम पुढे नेलं आणि वेगळीच पद्धत शोधली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला आयोडीनची वाफ द्यायची, तो कॅमेऱ्यात ठेवायचा. बाहेर काढला तेव्हा पत्रा कोराच दिसायचा. मग त्याला पाऱ्याची वाफ दिली की चित्र वर यायचं आणि मिठाच्या पाण्याने ते टिकायचं. कित्येक तासांचं काम आता मिनिटांवर आलं.

१८३७ मध्ये नीएप्स यांचा मुलगा इसिदोर याच्याशी नवा करार झाला. नव्या पद्धतीला फक्त दागेर यांचंच नाव लागणार, असं त्यात ठरलं. तीच पुढे दागेरोटाइप म्हणून ओळखली गेली.

तो फोटो

आता त्या खिडकीकडे येऊ. बुलेव्हार द्यू तांप्ल हा पॅरिसमधला नाट्यगृहांचा रस्ता. घोडागाड्या आणि माणसांची सतत ये-जा. पण दागेर यांच्या फोटोत इमारती, झाडं आणि मोकळा रस्ता एवढंच दिसतं.

कारण सोपं आहे. पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. जे तेवढा वेळ जागेवर राहिलं, ते उमटलं. जे चालत राहिलं, त्याचा प्रकाश एका जागी पुरेसा पडलाच नाही.

फक्त एका कोपऱ्यात एक माणूस स्पष्ट दिसतो. एक पाय वर ठेवून तो बूट पॉलिश करून घेतोय, म्हणून तेवढा वेळ स्थिर उभा आहे. त्याच्या समोर पॉलिशवाल्याची धूसर आकृती आहे. माणूस दिसणारा हा सर्वात जुना फोटो मानला जातो. त्या दोघांना याचा पत्ताही नसणार.

प्रसिद्धी, आग आणि पेन्शन

७ जानेवारी १८३९ ला शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या शोधाची घोषणा केली. मार्चमध्ये टेलिग्राफवाले सॅम्युएल मोर्स हे फोटो पाहायला आले. रस्ता रिकामा आणि एकच माणूस उभा, ही गोष्ट त्यांनी लगेच हेरली आणि भावाला पत्रातून कळवली. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, दागेर मोर्स यांच्या भेटीला गेले असताना डायोरामा जळून खाक झाला.

त्याच वर्षी फ्रान्स सरकारने पद्धतीचे हक्क घेतले. बदल्यात वर्षाला दागेर यांना ६,००० आणि इसिदोर यांना ४,००० फ्रँक पेन्शन ठरली. दागेर यांच्या जास्तीच्या रकमेत डायोरामाचं गुपित सांगण्याचाही मोबदला होता. १९ ऑगस्टला पद्धत सगळ्या जगासाठी खुली झाली. पण अपवाद होता इंग्लंडचा. तिथे पाचच दिवस आधी दागेर यांच्या वतीने पेटंट घेतलं गेलं होतं.

शेवटची वर्षं दागेर यांनी मार्न नदीकाठच्या ब्री गावात काढली. तिथेच १० जुलै १८५१ ला त्यांचं निधन झालं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये त्यांचं नाव आहे. नीएप्स यांचं नाही.

दागेर यांनी नीएप्स यांचं काम चोरलं, असं म्हणता येत नाही. करार उघड होता आणि नवी पद्धत खरोखर दागेर यांचीच होती. पण ते उरले आणि नीएप्स लवकर गेले, एवढ्यानेही बराच फरक पडला. पुढच्या वेळी लाँग एक्स्पोजरमधला रिकामा पूल बघाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पूल रिकामा नव्हता. तिथून माणसं गेली होती, फक्त थांबली नव्हती.