गाडी जोडणं आणि गाडी बनवणं: वालचंद हिराचंद यांची गोष्ट

हॉट रॉड गाड्यांचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. जुनी, उघड्या टपाची फोर्ड रोडस्टर, मडगार्ड काढलेले, इंजिन बाहेर दिसणारं आणि आवाज असा की फोनचा स्पीकर फाटावा! ही हौस अमेरिकेतली. १९३२ साली फोर्डने स्वस्तातल्या गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन दिलं. काही वर्षांत या गाड्या सेकंडहँड बाजारात आल्या, भंगारातही पडल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या उचलल्या, वजन कमी केलं, इंजिनात फेरफार केले आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांवर पळवल्या.

मग आपल्याकडे तेव्हा असं का झालं नाही? हौस किंवा डोकं कमी होतं म्हणून नाही. आपल्याकडे गाडी बनतच नव्हती! ही अडचण सोडवायला निघाला तो सोलापूरचा माणूस म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

खोक्यातून येणारी गाडी

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. पाठोपाठ फोर्डही मुंबईत आली. पण तिथे गाडी बनायची नाही, फक्त जोडली जायची. इंजिन, गिअर, बॉडीचे भाग खोक्यात भरून बोटीने यायचे आणि इथले कामगार नट-बोल्ट आवळायचे. या पद्धतीला सीकेडी म्हणतात. आज स्मार्टफोनबद्दल आपण जो वाद ऐकतो, म्हणजे फोन इथे बनला की फक्त इथे जोडला, तोच हा वाद. फरक इतकाच की तो शंभर वर्षं जुना आहे.

पार्ट बाहेरून येत असेल तर गाडी तुमच्या दारात असूनही पूर्णपणे तुमची नसते. एक गिअर तुटला की बोटीची वाट बघा. फेरफार करायचं तर नावच नको.

रेल्वेपासून बोटीपर्यंत

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईत सेंट झेवियर्स आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात ते शिकले, पण शिक्षण अर्धवट सुटलं. घरच्या धंद्यात मन रमेना. तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची ठेकेदारी सुरू केली. पहिलं मोठं काम होतं बार्शी लाइट रेल्वेचं. पुढे भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांच्या कामातही ते होते.

१९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून एक जुनी बोट विकत घेतली, नाव लॉयल्टी. युद्धात तिचा वापर तरंगता दवाखाना म्हणून झाला होता. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा प्रवास सुरू झाला. ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. ५ एप्रिल हा आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

गाडी मागायला गेले, विमान घेऊन आले

भारतात मोटारीचा कारखाना हवा, असा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकात धरत होते. वालचंद यांनी तो विषय हातात घेतला आणि १९३९ साली थेट अमेरिका गाठली. पुढे क्रायस्लर कंपनीशी करारही जमला. अडलं ते दिल्लीत. युद्ध सुरू झालं होतं आणि ब्रिटिश सरकारने या कारखान्याला पाठिंबा द्यायचं नाकारलं. परवानगी नाही तर परदेशी यंत्रं नाहीत, आणि यंत्रं नाहीत तर कारखाना नाही.

पण अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी पडली होती. त्या गप्पांतून डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने, बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच! युद्धकाळात सरकारने तिचा ताबा घेतला. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखानाही काढला. तिथली जल उषा ही बोट १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

अखेर कुर्ल्यात

मोटारीचा नाद मात्र सुटला नव्हता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली सुरू झाली होती. वालचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावं आज व्हिंटेज रॅलीत दिसतात. सुरुवात इथेही जोडणीनेच झाली. मग फियाटशी करार झाला आणि एकेक भाग इथे बनवायचं काम पुढे सरकलं.

पण १९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी सरकारचं धोरण ठरलं: इथे गाडी बनवायची तयारी असेल तरच राहा, नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. ज्या धोरणासाठी हा माणूस इतकी वर्षं झगडला, ते आलं तेव्हा तो नव्हता.

मग त्याचा उपयोग काय झाला?

१९५४ पासून फियाट ११०० आली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. २०००च्या आसपासपर्यंत ती कुर्ल्याची गाडी रस्त्यावर येत राहिली. स्पर्धा नसल्यामुळे ती फारशी सुधारली नाही आणि गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागलं, हेही खरं. पण पार्ट गावोगावी मिळू लागले. मेकॅनिक ती डोळे झाकून खोलू लागले. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट शर्यतीत पळाल्या. आपली हॉट रॉड म्हणायची तर हीच!

तेव्हा निमगाव साव्यात कुणाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जुनी फियाट दिसली, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी बॉनेट उघडून बघा. नारायणगावच्या एखाद्या जुन्या मेकॅनिकलाही सोबत न्या. ती अजून दुरुस्त होऊ शकते, कारण तिचे पार्ट कधीकाळी आपल्याच राज्यात बनत होते.